शारदीय तोरण : दारावरचे मांगल्य

पर्जन्यकाळ सरला, की आश्विनात आकाश धुतल्यासारखे निर्मळ होते. ओढ्यानाल्यांचे गढूळ पाणी निवळते, सोयाबीन खळ्यावर येते आणि कपाशीची पहिली बोंडे उमलू लागतात. आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरोघरी घट बसतात, त्यावर दररोज एक माळ चढते. झेंडूबरोबरच तीळ, कारळा, तरवड यांच्या फुलांनाही अनेक घरांत या माळेत मान असतो. नवमीस शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते आणि दशमीच्या प्रातःकाळी दाराच्या गणेशपट्टीवर आंब्याच्या पानांचे नि झेंडूच्या फुलांचे तोरण झळकते. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात देऊळगावराजाच्या बालाजीचा आश्विनोत्सव याच दिवसांत भरतो, तेव्हा यात्रेकरूंची पावले ज्या ज्या उंबरठ्यावरून जातात, तेथे हीच हिरवी-पिवळी खूण दिसते.

‘तोरण’ हा शब्द फार जुना आहे. अमरकोशात त्याचा अर्थ बहिर्द्वार असा दिला आहे; म्हणजे आधी तोरण हे द्वारच होते, द्वारावरची माळ नव्हे. सांचीच्या स्तूपाभोवती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी उभारलेली पाषाणाची चार तोरणे आजही उभी आहेत. पुढे द्वारावर बांधावयाच्या पल्लवमालेलाही हेच नाव मिळाले. वन्दनमाला हे तिचे दुसरे सुंदर नाव. रघुवंशाच्या पहिल्या सर्गात दिलीप राजा सुदक्षिणेसह वसिष्ठांच्या आश्रमाकडे निघतो, तेव्हा आकाशातून ओळीने उडणारे सारस कविकुलगुरूंना खांबांवाचून बांधलेल्या तोरणमालेसारखे भासतात. मराठी माणसाने तर हा शब्द आपल्या इतिहासातच गुंफला. शिवछत्रपतींनी स्वराज्याचे तोरण बांधले, असे आपण म्हणतो, तेव्हा शुभारंभ एवढाच त्याचा अर्थ असतो.

येथे एक गोष्ट सांगितली, की पुष्कळांना नवल वाटते. ज्या झेंडूवाचून आपला दसरा साजरा होत नाही, तो कालिदासाने पाहिलाही नव्हता. झेंडू मूळचा मेक्सिकोकडील. युरोपीय दर्यावर्दी अमेरिकेत पोहोचल्यानंतरच तो आपल्या भूमीत आला. परंतु येथल्या मातीने त्याला आपले म्हटले आणि देवीने आपल्या माळेत जागा दिली. त्याने त्या उपकाराची फेडही केली. त्याच्या मुळांतून पाझरणारी द्रव्ये जमिनीतील सूत्रकृमींना आवरतात, म्हणून जाणते शेतकरी टोमॅटोसारख्या पिकांत झेंडूच्या ओळी लावतात. परंपरा नव्याला दार बंद करीत नाही. आलेला पाहुणा सजीव आणि उपकारक असावा, एवढीच तिची अपेक्षा असते.

आता प्रत्यक्ष कृती. दाराची रुंदी मोजून त्याहून दोन हात अधिक लांब असा सुती दोरा घ्यावा, म्हणजे दोन्ही टोकांस गाठी मारता येतात. दार तीन फुटांचे असेल तर तीन-तीन इंचांवर अकरा पाने बसतात आणि मधल्या व कडेच्या बारा जागी बारा फुले येतात. पाने जून व गडद हिरवी घ्यावीत. कोवळी, तांबूस पाने तासाभरात माना टाकतात. ओल्या फडक्याने ती पुसून देठाकडील भाग दोऱ्यावरून मागे दुमडावा आणि त्याच देठाने पान टोचून अडकवावे. फुले देठाच्या बाजूने दाभणाने मधोमध ओवावीत, म्हणजे पाकळ्या विसकटत नाहीत. आदल्या दिवशी आणलेली फुले ओलसर कापडात गुंडाळून थंड जागी ठेवली, की सकाळी टवटवीत राहतात.

पाने तोडताना मात्र झाडाची आठवण ठेवावी. आंब्याचा मोहर फांदीच्या शेंड्याला येतो. आश्विनात शेंडे ओरबाडले, तर माघात तेथे मोहर कोठून यावा? म्हणून डहाळी न मोडता शेंड्याच्या मागची एकेक पाने खुडावीत. अकरा पाने हवी असता पन्नास तोडणे ही पूजा नव्हे.

परंतु आज प्रश्न निराळाच उभा आहे. अनेक दारांवर प्लास्टिकची पाने आणि कापडी फुले बारा महिने लोंबत असतात. ती स्वस्त आहेत, सुकत नाहीत, दरवर्षी गुंफावी लागत नाहीत, असे त्यांच्या बाजूने सांगितले जाते. भाविकहो, जो त्यांचा गुण म्हणून सांगितला जातो, तोच त्यांचा दोष आहे. तोरण सुकते, म्हणूनच ते पुन्हा बांधावे लागते. पुन्हा बांधावे लागते, म्हणूनच नात आजीजवळ बसून दाभण धरायला शिकते. जे कधीच कोमेजत नाही, त्याला सणही कळत नाही आणि सुतकही कळत नाही.

दुसरी बाजू शेताची आहे. धाडसारख्या बाजारपेठेच्या गावी दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचे ढीग येतात. पावसाळ्यात रोपे लावून, सणाचा मुहूर्त साधून कुणबी ती फुले तोडतो. पुष्कळदा दशमीच्या दुपारी भाव कोसळतो आणि उरलेले ढीग रस्त्याच्या कडेला टाकून तो रित्या हातांनी घरी परततो. त्याच्या गावातल्याच दारावर कारखान्यातले फूल लटकत असेल, तर सीमोल्लंघन करून आपण कोणते सोने लुटले, हे ज्याचे त्याने मनाशी विचारावे. फुले विकत घेताना दोन रुपयांसाठी घासाघीस न करणे, हेही त्या दिवसाचे एक व्रत मानावे.

आणखी एक. तोडलेले आम्रपर्ण घरात प्राणवायू सोडीत राहते, अशी समर्थने अलीकडे ऐकू येतात. देठापासून तुटलेले पान थोड्याच वेळात आपला व्यवहार आटोपते. मांगल्याला अशा उसन्या आधाराची गरज नाही. अतिथीला दारातच ‘या’ म्हणणे, हे तोरणाचे प्रयोजन पुरेसे आहे.

सुकलेले तोरण नदीत वा विहिरीत टाकू नये. दोरा सोडवून पाने खताच्या खड्ड्यात घालावीत. देशी झेंडूची वाळलेली फुले कागदात बांधून ठेवावीत. त्यांच्या पोटात काळे, बारीक बी असते. ज्येष्ठात मृगाचा पाऊस झाला, की ते अंगणाच्या कडेला चुरडून टाकावे. पुढल्या आश्विनातील तोरणाची तयारी तेथूनच सुरू होते.