लाकडास धातूचा वर्ख

मृगाचा पाऊस सुरू झाला म्हणजे ज्या कुरकुरी घरोघर ऐकूं येतात, त्यांत एक दाराची असते. उन्हाळ्यांत हलक्या हातानें लागणारें गोठ्याचें दार आषाढांत चौकटींत घट्ट बसतें. मग सुतारास बोलावून कडेवर रंधा मारून घेण्यांत येतो, आणि पुढच्या चैत्रांत त्याच दाराला बोटभर फट पडते. आम्हींहि एकदां असें दार घासवून घेतलें व पुढचे दोन हिवाळे त्या फटींतून येणारा वारा आमच्या वासरांस सोसावा लागला. दोष सुताराचा नव्हता, लाकडाचाहि नव्हता. दोष आमच्या उतावीळपणाचा होता. दार घासण्याऐवजीं त्यांत शिरणारा ओलावा अडविण्याची तजवीज करावयास हवी होती. ही तजवीज धातूच्या पातळ लेपानें कितपत साधते, याचा विचार येथें करावयाचा आहे.

लाकूड कापल्यानंतरहि हवेंतील ओलाव्याशीं देवघेव करीत असतें. दमट हवेंत तें ओलावा घेऊन फुगतें, कोरड्या हवेंत तो सोडून आकसतें. हा फरक सर्व दिशांनीं सारखा नसतो. लांबींत तो नांवापुरताच असतो. सालीला समांतर अशा रुंदींत सर्वांत जास्त, व गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेनें त्याच्या सुमारें निम्मा असतो. फळ्या वांकतात व पिळतात त्याचें एक मुख्य कारण हेंच. सागवान या बाबतींत फार गुणी लाकूड समजलें जातें; तरीहि हिरवें सागवान पूर्ण कोरडें होईपर्यंत रुंदींत शेकडा सुमारें ५.८ इतकें आकसतें. सालीच्या बाजूनें कापलेल्या सागवानी फळ्या जोडून केलेलें तीन फूट रुंदीचें दार घ्या. उन्हाळ्यांतून पावसाळ्यांत जातांना त्याच्या ओलाव्यांत शेकडा ६ चा फरक पडला, तर तें सुमारें तीन अष्टमांश इंच फुगतें. चौकटींत एवढी जागा कोण ठेवतो?

आतां धातूचा लेप म्हणजे काय तें पाहूं. तांब्याच्या भांड्यास कल्हई आणि मिठाईवर चांदीचा वर्ख आपल्या नित्य परिचयाचीं आहेत. दोहोंतहि धातूचा थर अगदीं थोडा असतो, पण जेथें तो अखंड असतो तेथें खालच्या वस्तूचा बाहेरच्या हवापाण्याशीं संबंध तुटतो. धातूंतून पाण्याची वाफ आरपार जात नाहीं. ती जाते तें वर्खाला पडलेल्या छिद्रांतून व सांध्यांतून. म्हणून लेपाच्या जाडीपेक्षां त्याच्या अखंडपणास महत्त्व अधिक.

या गोष्टीची कसून परीक्षा पहिल्या महायुद्धाच्या वेळीं विमानांच्या पंख्यांवर झाली. त्या काळीं हे पंखे लाकडाचे थर एकमेकांस चिकटवून घडवीत. एका पात्यानें दुसऱ्यापेक्षां जास्त ओलावा घेतला कीं तोल बिघडे, आणि वेगानें फिरणाऱ्या पंख्याचा तोल बिघडणें म्हणजे वैमानिकाच्या जिवाशीं गांठ. अमेरिकेंत विस्कॉन्सिन प्रांतांतील मॅडिसन येथें १९१० सालीं स्थापन झालेल्या सरकारी वनोत्पादन प्रयोगशाळेनें निरनिराळीं तेलें, वार्निशें व रंग लाकडावर लावून, दमट हवेंत तें किती ओलावा घेतें याचीं मापें घेतलीं. तिच्या प्रयोगांत अॅल्युमिनियमचा वर्ख सर्वांत सरस ठरला. लाकडाचीं रंध्रें भरून वार्निशाचा हात द्यावयाचा, तो चिकट असतांनाच वर्ख बसवावयाचा, आणि वर पुन्हां वार्निश किंवा रंग देऊन वर्खाचें घासण्यापासून रक्षण करावयाचें, अशी ती रीत होती. आपल्याकडे घरोघर विश्वासानें वापरलें जाणारें जवसाचें तेल ओलावा अडविण्याच्या कामीं फारच कमी पडलें, हेंहि त्या प्रयोगांतून दिसून आलें. तेलानें लाकूड तुकतुकीत दिसतें. पण ओलाव्याला तें फारसें अडवीत नाहीं.

गोठ्याच्या दाराला वर्ख बसविणें हें अर्थात् परवडणारें काम नव्हे. परंतु तेंच तत्त्व अॅल्युमिनियमच्या रंगांत स्वस्तांत मिळतें. या रंगांत धातूच्या सूक्ष्म चकत्या असतात. रंग ओला असतांना त्या पृष्ठभागावर तरंगत येऊन, छपरावरच्या कौलांप्रमाणें एकमेकींवर आडव्या बसतात. ओलाव्याला मग सरळ वाट मिळत नाहीं. चकतीला वळसे घालीत जावें लागतें. शिवाय हा चकचकीत थर उन्हाची बरीचशी उष्णता परत फेंकतो. रंग घेतांना चकत्या वर तरंगणाऱ्या जातीचाच व वार्निशांत कालवावयाचा घ्यावा. सुकी भुकटी न घेतां लगदा घ्यावा, कारण ही भुकटी हवेंत उडाल्यावर ठिणगी पडली तर तिचा स्फोट होतो.

धातूचा लेप देण्याच्या आणखीहि रीती आहेत. स्वित्झर्लंडमधील माक्स उलरिख शूप यांनीं १९१० च्या सुमारास वितळलेल्या धातूचे तुषार दाबाच्या हवेनें उडविण्याची युक्ति काढली. ते वाटेंत निवत असल्यामुळें लाकूड न जळतां त्यावर जस्त बसवितां येतें. पण असा थर सच्छिद्र असतो व त्यावर वार्निश लागतेंच. निर्वात पेटींत धातूचे अणु उडवून लाकडावर अतिसूक्ष्म पापुद्रा बसविण्याचे प्रयोगहि होतात. हीं कामें कारखान्याचीं. शेतकऱ्याच्या हातचा उपाय म्हणजे डबा आणि कुंचला.

येथें एका गैरसमजाविषयीं स्पष्ट लिहिणें अवश्य आहे. असा लेप लाकडास बळकटी देत नाहीं, आणि ओलावा कायमचाहि अडवीत नाहीं. तो त्याची गति फक्त मंद करतो. चार महिन्यांचा पावसाळा व त्यामागून येणारा कडक उन्हाळा यांचे झटके सौम्य व्हावेत, एवढाच त्याचा उपयोग. परंतु जें बाहेरून आंत येणाऱ्या ओलाव्याला लागू, तेंच आंतून बाहेर जाणाऱ्यालाहि लागू. ओल्या लाकडावर लेप दिला तर ओल आंतच कोंडते, आणि शेकडा २० च्या वर ओलावा राहिला कीं कुजविणाऱ्या बुरशीला आयतेंच घर मिळतें. चांगल्या रंगाखालीं सडलेली चौकट ज्यांनीं पाहिली असेल त्यांस याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

म्हणून पहिलें काम वाळविण्याचें. फळ्यांमध्यें पट्ट्या घालून त्या सावलींत, वारा खेळेल अशा रचाव्या व रंगाचें काम माघापासून वैशाखापर्यंत उरकावें. लाकूड वाळलें कीं नाहीं हें अंदाजानें न ठरवितां वजनानें ठरवावें. फळीच्या टोकापासून हातभर आंतला लहान तुकडा कापून लगेच तोलावा. मग तो उकळत्या पाण्याइतक्या उष्णतेच्या भट्टींत, वजन उतरण्याचें थांबेपर्यंत सुकवून पुन्हां तोलावा. पहिलें वजन ११२ ग्रॅम व शेवटचें १०० ग्रॅम भरलें तर ओलावा शेकडा १२, म्हणजे दारास योग्य.

दुसरें, लेप सर्व बाजूंनीं द्यावा. एकाच बाजूस दिला तर दुसरी बाजू फुगते व फळी वांकते. फळीच्या टोकांतून ओलावा पृष्ठभागापेक्षां सुमारें दहा ते पंधरा पट वेगानें जातो. म्हणून टोकांस, दाराच्या खालच्या कडेस व सांध्यांच्या खाचांस जोडणीपूर्वींच दोन हात जास्त द्यावे. नेमक्या याच जागा आपण दिसत नाहींत म्हणून सोडून देतों. पहिला हात पूर्ण वाळल्यावर दुसरा द्यावा, व वरून हवा तो तेलरंग द्यावा.

तिसरें, जेथें हा उपाय चालत नाहीं तेथें त्यावर पैसा घालूं नये. जमिनींत पुरावयाचा खांब खालून ओल शोषतो. वरचा लेप त्याला वांचवीत नाहीं. वाळवी बारीकशा भेगेंतूनहि वाट काढते. पुरावयाच्या लाकडांत संरक्षक द्रव्य आंतपर्यंत मुरावें लागतें. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंत सोंटी कामेशम यांनीं १९३३ सालीं शोधलेलें तांबें, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या क्षारांचें मिश्रण याच कामासाठीं जगभर गेलें. त्यांतील आर्सेनिक विषारी असल्यामुळें २००३ अखेर अमेरिकेंत घरगुती वापराच्या बहुतेक लाकडासाठीं त्याचा उपयोग बंद झाला. असें लाकूड चुलींत कधींहि घालूं नये. त्याची राख गुरांस व माणसांस घातक असते. नांगराच्या मुठीसारख्या, हात सारखा घासत राहणाऱ्या लाकडावरहि लेप टिकत नाहीं.

शेवटीं खर्चाविषयीं. ज्यांस सर्व दार रंगविणें यंदा शक्य नसेल, त्यांनीं निदान टोकें व खालची कड तरी रंगवावी. डब्याचा तळ त्यास पुरतो. आणि ज्यांचें दार याच पावसाळ्यांत अडकलें असेल, त्यांनीं सुतारास थोडे थांबवावें. दार उन्हाळ्यापर्यंत तसेंच वाळूं द्यावें, मग माप घ्यावें, आणि तरीहि जरूर वाटली तरच रंधा धरावा. ओलाव्यानें फुगलेलें लाकूड पुन्हां आकसतें; रंध्यानें काढलेलें परत येत नाहीं.