तयार माल आणि गिऱ्हाईकाचा हात

सणाच्या तोंडावर माल तयार आहे, गाठी बांधून पडल्या आहेत आणि अशात बाजारातून खबर येते की गिऱ्हाईक आता हे मागत नाही. हा प्रसंग आपल्याला नवा नाही. मालेगावच्या लूमवाल्यावर, येवल्याच्या विणकरावर, नाशिकमध्ये भद्रकालीतल्या दुकानदारावर तो केव्हा ना केव्हा येतोच. अशा वेळी तीन वाटा असतात. माल पडेल भावाने काढून टाकावा, पुढच्या हंगामाची वाट पाहावी, किंवा त्याच मालात फेरफार करून तो नव्या मागणीला जुळवून घ्यावा. तिसरी वाट बोलायला सोपी आहे. तिच्यात मेहनत किती आणि चुकण्याच्या जागा किती, हे करणाऱ्यालाच कळते.

या तिसऱ्या वाटेचे मला ठाऊक असलेले सर्वांत चांगले उदाहरण कापडाचे नाही, व्हिडिओ गेमचे आहे. वाचक हसतील. पोरांच्या खेळाचा तिजारतीच्या पानाशी काय संबंध, असेही विचारतील. थोडा धीर धरावा.

जपानमधील क्योटो हे शहर रेशमी विणकामासाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. त्याच शहरात १८८९ साली हाताने खेळण्याचे पत्ते बनवणारे एक दुकान निघाले. त्याचे नाव निन्टेन्डो. पुढे हीच कंपनी टीव्हीला जोडावयाच्या खेळयंत्रांची मोठी उत्पादक झाली. २००१ मध्ये तिने 'गेमक्यूब' नावाचे यंत्र बाजारात आणले. ते फारसे चालले नाही. शेवटपर्यंत त्याचे सुमारे २ कोटी १७ लाख नग खपले. समोरच्या सोनी कंपनीचे यंत्र पंधरा कोटींच्या पुढे गेले, यावरून फरक ध्यानात यावा.

या गेमक्यूबसाठी कंपनीने २००४ मध्ये एक मोठा खेळ जाहीर केला, 'द लेजंड ऑफ झेल्डा: ट्वायलाइट प्रिन्सेस'. ज्यांनी उर्दूतील दास्ताने, विशेषतः 'तिलिस्म-ए-होशरुबा', वाचली किंवा ऐकली आहेत, त्यांना या खेळाची जात लगेच कळेल. लिंक नावाचा एक खेड्यातला तरुण आहे. त्याच्या मुलखावर अंधाराची छाया पसरते, त्या छायेत तो लांडगा होतो, आणि एकामागून एक तिलिस्म तोडत त्याला पुढे जायचे असते. तलवार, ढाल, तीरकमान, घोडा, सारे आहे. फरक एवढाच की दास्तानमध्ये आपण ऐकतो आणि येथे आपल्याला स्वतः लढावे लागते.

खेळ २००५ च्या अखेरीस यावयाचा होता. तो पुढे ढकलला गेला. तोवर गेमक्यूबचा बाजार उतरला होता आणि कंपनी स्वतःच नवे यंत्र काढण्याच्या तयारीत होती. त्याचे नाव 'वी'. म्हणजे वर्षानुवर्षे खपून बनवलेला माल हाती आणि ज्या पेठेसाठी बनवला ती पेठ उठू लागलेली! कंपनीने ठरवले की माल दोन्ही पेठांत न्यायचा. जुन्या यंत्राच्या गिऱ्हाईकाला जो शब्द दिला होता तोही पाळायचा आणि नव्या यंत्राच्या पहिल्याच दिवशी तोच खेळ नव्या रूपात विकायचा.

आता नव्या यंत्रात नवे काय होते ते पाहू. तोवर असे खेळ दोन्ही हातांत धरलेल्या बटणांच्या डब्याने खेळत. वीला टीव्हीच्या रिमोटसारखी एक कांडी होती. ती हलवली की पडद्यावरचे काम होई. तिच्या आत धक्का ओळखणारी एक चिप आहे. एसटीने ब्रेक मारला की उभा उतारू पुढे झुकतो. चिपमध्ये तसाच एक अतिसूक्ष्म भार स्प्रिंगवर टांगलेला असतो, आणि तो किती झुकला यावरून हात कोणत्या दिशेने किती जोराने झटकला ते कळते. कांडीच्या तोंडाशी लहान कॅमेरा असतो. टीव्हीजवळ एक पट्टी ठेवतात, तिच्या दोन टोकांना डोळ्यांना न दिसणारे दिवे असतात. कॅमेरा ते पाहतो आणि आपण पडद्यावर कोठे नेम धरला आहे याचा हिशोब लागतो. पट्टीला लोक सेन्सर म्हणतात, पण ती बिचारी काहीच ओळखत नाही, नुसती उजेड देते. तिच्या जागी दोन मेणबत्त्या लावल्या तरी काम भागते.

तीरकमानीचा नेम कांडीने धरावयाचा, हे सोपे होते. तलवारीचे मात्र अडले. मे २००६ मध्ये अमेरिकेतील प्रदर्शनात हा खेळ लोकांच्या हाती दिला, तेव्हा तलवार बटणानेच चालत होती. कांडी हातात घेतलेल्या माणसाला ती फिरवावीशी वाटणार, हे उघड आहे. तेव्हा शेवटच्या महिन्यांत फेरफार करून तलवार हाताच्या झटक्यावर आणली.

येथे एक अडचण उभी राहिली, आणि माझ्या मते साऱ्या हकिगतीत हीच शिकण्याजोगी आहे. लिंक डावखुरा होता. या मालिकेत तो तलवार डाव्या हातात धरीत असे. बटणे दाबताना त्याने कोणत्या हातात काय धरले याची पर्वा कोणाला नव्हती. पण आता खेळणारा उजव्या हाताने कांडी फिरवणार आणि पडद्यावरचा वीर डाव्या हाताने वार करणार, हे विचित्र दिसू लागले. नुसता हात बदलायचा तर त्याची चाल, त्याचे वार, घोड्यावर चढणे, सगळेच पुन्हा करावे लागले असते. एवढा वेळ कोठून आणावा? तेव्हा त्यांनी आरशात धरावी तशी सारी दुनियाच उलटी केली. लिंक उजवा झाला आणि त्याच्याबरोबर पूर्व पश्चिम झाली. गेमक्यूबच्या डब्यात वाळवंट पश्चिमेला होते, वीच्या डब्यात ते पूर्वेला गेले.

छपाईचे ठोकळे कोरणाऱ्या कारागिराला यात नवल वाटणार नाही. तो रोज उलटे कोरतो म्हणून कापडावर सुलटे उमटते. आणि डावे-उजवे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे, हे शिवणकाम करणाऱ्याला सांगावे लागत नाही. मुघल काळात जाम्याचे बंद मुसलमान उजव्या बाजूला बांधीत आणि हिंदू डाव्या. कापड एक, कट एक, पण बंद कोणत्या अंगाला लावायचे हे नेसणाऱ्यावर ठरे. आजही गुजराती पद्धतीत पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो, आणि साडी दाखवणारा सेल्समन हे विसरला तर पदराचे काम गिऱ्हाईकाच्या नजरेत भरत नाही. ज्यांनी माझ्यासारखे उजवीकडून डावीकडे लिहिण्याचे शिक्षण घेतले, त्यांनी तर बाराखडी शिकताना वही कोणत्या बाजूने उघडायची येथपासून सुरुवात केली आहे.

१९ नोव्हेंबर २००६ रोजी अमेरिकेत वी आणि हा खेळ एकाच दिवशी विक्रीला आले. गेमक्यूबचा, म्हणजे सुलट दुनियेचा, डबा तेथे ११ डिसेंबरला आला. दोन्ही मिळून खप ऐंशी लाखांच्या वर गेला आणि त्यातला मोठा वाटा नव्या यंत्राचा होता. वी यंत्र पुढे दहा कोटींहून अधिक खपले.

फेरफार सर्वांगाने उत्तम होता असे मात्र म्हणता येणार नाही. ती पहिली चिप झटका ओळखते, पण मनगट किती वळले हे तिला नीट कळत नाही. त्यामुळे वरून हाणा की बाजूने, लिंक आपला ठरलेला वारच करतो. चोखंदळ गिऱ्हाईक हे लगेच ओळखते. ही उणीव भरून काढण्यासाठी कंपनीने २००९ मध्ये कांडीला जोडावयाचा वेगळा तुकडा विकला, आणि हाताबरहुकूम फिरणारी तलवार २०११ च्या पुढच्या खेळात आली. तो खेळ मुळातच कांडीसाठी बनवला होता, आणि त्यात लिंक उजवाच होता.

दुसरी गोष्ट दोरीची. कांडी हातातून सुटू नये म्हणून मनगटात अडकवायची दोरी दिली होती, जाडी ०.६ मिलिमीटर. लोक एवढ्या जोराने हात फिरवू लागले की दोऱ्या तुटल्या आणि कांड्या भिरकावल्या गेल्या. डिसेंबर २००६ मध्ये सुमारे ३२ लाख दोऱ्या फुकट बदलून द्याव्या लागल्या. नवी दोरी १ मिलिमीटरची होती. कोट्यवधींच्या यंत्रात कंपनी अडली ती दोऱ्यापाशी! नाडी, गोंडे, कसे बनवणाऱ्या भावांनी हे वाचून खुशाल मिशीत हसावे.

आपल्या महाराष्ट्रातही हा हुनर आला आहे. मुंबईच्या ट्राइन कंपनीने २०१० मध्ये बटणांवर चालणारा गल्ली क्रिकेटचा खेळ काढला, आणि नंतर सोनीच्या हलवायच्या कांडीसाठी गल्ली क्रिकेटचाच वेगळा खेळ तयार केला. बॅट फिरवण्याची हौस आपल्या पोरांना शिकवावी लागत नाही, त्यामुळे माल आणि हात येथे आपोआप जुळले.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहान कंपनीची हकीगत अधिक कष्टाची आहे. त्यांचा 'राजी: ॲन एन्शन्ट एपिक' हाही तलवारी-राक्षसांचा साहसी खेळ. हिरावलेल्या भावाला शोधणारी मुलगी त्याची नायिका, इमारती राजस्थानी धाटणीच्या, चित्रे पहाडी कलमाची. खेळ बनण्याआधीच लोकांकडून आगाऊ रक्कम जमवण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. संस्थापकांपैकी एकाला आपला फ्लॅट विकून काम चालू ठेवावे लागले. यात कोणाला आपला भाऊ किंवा बाप दिसला तर नवल नाही. लूमसाठी घर गहाण टाकलेली माणसे आपल्या जिल्ह्यात शोधावी लागत नाहीत. अखेर १८ ऑगस्ट २०२० रोजी तो निन्टेन्डोच्याच 'स्विच' यंत्रावर आला आणि १५ ऑक्टोबर २०२० रोजी इतर यंत्रांवर. त्या वर्षीच्या जागतिक गेम पुरस्कारांत पहिल्या कामाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. पुढे त्यात हिंदी आवाज भरला गेला, आणि नेटफ्लिक्सने तो आपल्या वर्गणीदारांच्या मोबाइलवर दिला.

मोबाइलवर बटणे नसतात, कांडीही नसते, नुसती काच असते. म्हणजे तलवार पुन्हा नव्याने हातात बसवावी लागते, या वेळी अंगठ्याखाली.

क्योटोच्या मालाचेही असेच झाले. २०१६ मध्ये निन्टेन्डोने 'ट्वायलाइट प्रिन्सेस' धुऊन-पुसून नव्या यंत्रावर पुन्हा विकायला काढला, तेव्हा हाताच्या झटक्याची तलवार काढून टाकली होती. तलवार पुन्हा बटणावर आली, लिंक पुन्हा डावखुरा झाला आणि वाळवंट पश्चिमेला परत गेले. उलटी दुनिया त्यांनी टाकून मात्र दिली नाही. ज्यांना अधिक कठीण खेळ हवा, त्यांच्यासाठी ती त्याच डब्यात वेगळी ठेवली.