मावशी थांबायची

सप्टेंबरात हॉलच्या व्यवस्थापनाचं चार ओळींचं पत्र आलं. जानेवारीतला जो आठवडा वर्षानुवर्षं आमच्या हौशी नाटक मंडळीला मिळायचा, तो यापुढे मिळणार नाही. त्याऐवजी डिसेंबरात बाहेरची एक कंपनी तयार पँटो घेऊन येईल. आम्ही अकराजण उरलो होतो, बहुतेक साठी ओलांडलेले. बैठक झाली, आणि मंडळी बंद करायचं ठरलं. कपड्यांच्या ट्रंका वाटून घेतल्या. गायीच्या सोंगाचं मुंडकं मी घरी आणलं.

पँटो म्हणजे पँटोमाइम, पण ते मूकनाट्य नव्हे. मूकनाट्य समजून कुणी गेलं तर कानठळ्या बसतील. सिंड्रेला, अल्लादिन, डिक व्हिटिंग्टन आणि त्याचं मांजर, जॅक आणि त्याची आभाळाला भिडणारी वेल, या गोष्टींवर नाताळच्या सुमारास ब्रिटनमध्ये जे गाण्यांचं आणि धांगडधिंग्याचं नाटक आजीपासून नातवापर्यंत सगळे एका रांगेत बसून बघतात, ते पँटो. दुष्ट माणूस रंगमंचाच्या डाव्या अंगाने येतो, परी उजव्या. जॅकचं काम परंपरेने बाई करते, मांडीवर थाप मारून बोलते. आणि जॅकची आई, जिला 'डेम' म्हणतात, ती पुरुष असते. मला ती पहिल्याच वर्षी ओळखीची वाटली. आपल्या गवळणीतली मावशीच ती! बालगंधर्वांच्या वाटेने तिला जाता येत नाही. तिथे पुरुष विसरायला लावायचा असतो, इथे तो सतत दिसत राहावा लागतो. घागऱ्याखालून पिंढऱ्या दिसल्या, आवाज मध्येच घोगरा झाला, की पोरं खूश. दादरला 'अलबत्या गलबत्या'तली दिलीप प्रभावळकरांची चेटकीण बघून वाढलेल्या मुलीला हे कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

या नाटकाला तीनशे वर्षांचा इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन रिचने लंडनमध्ये हार्लेक्विन नाचवला. 1806 साली कॉव्हेंट गार्डनला 'मदर गूज'मध्ये जोसेफ ग्रिमाल्डीने विदूषकाला राजा केलं. 1861 साली एच. जे. बायरनच्या नाटकात अल्लादिनच्या आईला एका चिनी चहाचं नाव मिळालं, ट्वँकी, ते आजतागायत टिकलं. 1902 साली ड्रुरी लेनला डॅन लिनो मदर गूज झाला. हे सगळं मी पुढे वाचलं. मला सांगायचं आहे ते 1996 ते 2006 या दहा वर्षांचं.

लग्न होऊन 1991 साली मी यॉर्कशायरमधल्या या गिरण्यांच्या गावात आले. पहिल्या पाच वर्षांत सांगण्यासारखं काही घडलं नाही. लेक चार वर्षांची झाली, तिला 'डिक व्हिटिंग्टन'मध्ये उंदीर म्हणून घेतलं. उंदरांच्या शेपट्या शिवायला म्हणून मी गेले आणि तिथलीच झाले. त्यानंतर अनंत चतुर्दशी झाली की माझं शिवणयंत्र पँटोच्या मागे लागायचं ते थेट जानेवारीपर्यंत. डेमचे सात पोशाख, सगळे मागून वेल्क्रोचे, कारण कपडे बदलायला चाळीस सेकंद मिळायची. माझ्या जुन्या साड्यांचे काठ राजवाड्याच्या पडद्यांना लागले.

आमची डेम म्हणजे गावचा पोस्टमन. समोर बसलेल्या निम्म्या मुलांची घरं त्याला माहीत. ड्रमवर गिरणीतून निवृत्त झालेला एक आजोबा. कुणी घसरलं की त्याची काठी पडायची, आणि ती पडायची पडणाऱ्याकडे बघून. पडणारा रोज वेगळ्या क्षणी पडतो. पियानोवाल्या बाईंची नजरही कागदावर कमी, रंगमंचावर जास्त.

फेस उडवायच्या प्रवेशाचा फेस मी करायची. दाढीच्या साबणाच्या कांड्या किसणीवर किसायच्या, गरम पाणी घालायचं, आणि ड्रिलला रवी लावून घुसळायचं, इतकं की बादली उलटी धरली तरी पडू नये. क्रीम चालत नाही, दिव्यांच्या उष्णतेने आंबतं. साबण धुतल्यावर निघून जातो, मखमलीवर डाग राहत नाही. खाली ताडपत्री अंथरायची, आणि प्रवेश संपला की समोरचा पडदा पाडून विदूषकाने पुढे काहीतरी बोलत राहायचं, तोवर आम्ही चौघी मागे गुडघ्यांवर बसून पुसायचो. शेवटी गाण्याचे शब्द लिहिलेलं कापड खाली सोडून पोरांना वर बोलावतात, तेही याच गरजेतून. तेवढ्या वेळात आत सगळे शेवटच्या प्रवेशातल्या लग्नाचे कपडे घालतात. गरजेतून निघालेली ही युक्तीच पोरांच्या सगळ्यात जास्त लक्षात राहते.

1999 च्या जानेवारीतली दुपार. भुताचा प्रवेश. डेम बाकावर बसली आहे, मागून भूत येतं, पोरं बेंबीच्या देठापासून ओरडताहेत, "इट्स बिहाइंड यू!" डेमला काही दिसत नाही. तिसऱ्या रांगेतला पाचेक वर्षांचा एक मुलगा उठला, मधल्या वाटेने धावत आला आणि पायऱ्या चढून सरळ रंगमंचावर. तो डेमला वाचवायला आला होता. त्याचे ओठ थरथरत होते. ड्रमवाल्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. पियानो थांबला. डेमने त्या मुलाशी हस्तांदोलन केलं, बाकावर जागा करून दिली, त्याचा हात हातात घेतला, आणि दोघांनी मिळून वळून भुताकडे बघितलं. भूतच किंचाळून पळालं. ते सगळं मिळून दोन मिनिटं चाललं असेल. चारशे माणसं उभी राहिली होती. मी विंगेत साबणाची बादली धरून रडले.

त्या मंडळीत सगळंच गोड होतं असं नाही. 'अल्लादिन' पेकिंगच्या धोबीखान्यात घडवायचं आणि चिनी माणसांच्या बोलण्याची नक्कल करायची, ही तेव्हाची पद्धत. ते मला सहन व्हायचं नाही. गावात चिनी कुटुंबं होती, त्यांची पोरं समोर बसायची. मी 2001 साली समितीत बोलले. "परंपरा आहे" असं उत्तर मिळालं. आज जागोजागी ते बदललं आहे, आणि बदललं ते उत्तम झालं. पण ज्यांनी मला परंपरा सांगितली, त्यांनीच पुढच्या पाच वर्षांत बाकीची परंपरा विनातक्रार जाऊ दिली. विम्याचं कारण आलं, पोरांकडे चॉकलेटं भिरकावणं बंद झालं. जॅकचं काम मुलग्याला दिलं. 2005 साली ड्रमवाल्या आजोबांना निरोप दिला आणि संगीत ध्वनिमुद्रित आणलं. पैसे वाचले. त्या वर्षीपासून डेम थांबू शकली नाही, कारण फीत थांबत नाही. पोस्टमनने एक प्रयोग तसा केला आणि मला म्हणाला, "माझ्या मागे कुणीतरी ढकलत असल्यासारखं वाटतं." पुढच्या वर्षी त्याने काम सोडलं आणि लेखन तेवढं ठेवलं.

नंतरची वर्षं ओढून नेली. 2020 च्या डिसेंबरात देशभरची बहुतेक थिएटरं बंद पडली तेव्हा लोक पँटोसाठी हळहळले. मला वाटलं आता किंमत कळेल.

यंदा नातीला घेऊन नव्या कंपनीचा खेळ बघितला. नटांची मेहनत खरी होती, एका मुलीचा गळा फार सुरेल होता. पण मागे पडद्यावर चित्र हलत होतं आणि सगळं त्याच्या तालावर. नात भित्री. बाकीचे ओरडून झाल्यावर तिचा धीर गोळा झाला आणि ती एकटी ओरडली, "बिहाइंड यू!" डेमने ऐकलं. मान अर्धी वळलीही. तेवढ्यात गाणं सुरू झालं. नातीने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा तोंड उघडलं नाही.

पँटोत शेवटी यमक जुळवून दोन ओळी म्हणतात आणि पडदा पडतो. त्या दोन ओळी तालमीत कधीच म्हणायच्या नाहीत, अशी नटांची जुनी श्रद्धा. पहिल्या प्रयोगालाच त्या तोंडातून निघायच्या. आमच्या पोस्टमनने यंदासाठी 'जॅक' लिहिला होता. पत्र येण्याआधी त्याची तीन वाचनं झाली. तिन्ही वेळा शेवटच्या पानावर आम्ही गप्प राहिलो. ती वही गायीच्या मुंडक्याखाली, माझ्या कपाटात आहे.