कापसाचा रंग, खारं पाणी आणि जुनी गाडी

जुनी गाडी दिसली की लोक आधी इंजिनाची चौकशी करतात. मला वेड आहे ते रंगाखालच्या थरांचं. अकोला-अमरावतीकडच्या गॅरेजात एखादी फियाट किंवा ॲम्बॅसॅडर खरवडायला घेतली की एकेक काळ वर येतो: अलीकडचा भडक रंग, त्याखाली लांबी (पुट्टी), मग कारखान्यातला मूळ रंग, त्याचा प्रायमर आणि शेवटी पत्रा. मालक छटेवरून तासन्‌तास वाद घालतात, पण गाडी किती वर्षं टिकणार हे प्रायमर ठरवतो.

तरीही सुरुवात रंगापासून करतो, कारण या रंगाचा धागा थेट कापसापर्यंत जातो. पहिल्या महायुद्धापर्यंत उंची मोटारींवर व्हार्निशचे हात चढवून ते वाळवण्यात आठवडे जात. भट्टीत लवकर वाळणारा काळा रंग फोर्डला सोयीचा पडला आणि १९१४ ते १९२५ या काळात त्यांची मॉडेल टी काळ्याच रंगात निघाली. ही कोंडी फोडली ती ड्यू पॉन्ट या अमेरिकी रसायन कंपनीतल्या एडमंड फ्लॅहर्टी या रसायनशास्त्रज्ञाने. मोटारींच्या इतिहासात त्याचं नाव क्वचितच भेटतं.

ड्यू पॉन्टकडे नायट्रोसेल्युलोज मुबलक होतं. कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून ते बनतं. युद्धात त्याची बिनधुराची दारू झाली, शांततेत चित्रपटाची फिल्म. त्यासाठी लागे ती जिनिंगनंतर सरकीवर चिकटून राहणारी आखूड लव. वऱ्हाडी माणसाला ती काय असते हे सांगावं लागत नाही. मात्र नायट्रोसेल्युलोजच्या द्रावाची एक अडचण होती. तो इतका घट्ट, की फवारण्याइतका पातळ केला तर त्यात रंगद्रव्य नावापुरतं उरे. १९२०च्या उन्हाळ्यात, फिल्मवरची स्थिर वीज घालवण्यासाठी सोडियम ॲसिटेट मिसळलेला एक साठा तसाच पडून राहिला आणि आपोआप पातळ झाला. इतरांनी तो फेकला असता. फ्लॅहर्टीने त्यातली किल्ली ओळखली: द्राव पातळ, पण त्यातला घन भाग भरपूर. थोड्याच हातांत जाड थर बसणार आणि तासाभरात वाळणार.

१९२७मध्ये मिळालेलं त्याचं अमेरिकी पेटंट, क्रमांक १६२९९९९, हे माझ्या मते मोटारींच्या इतिहासातलं सर्वांत दुर्लक्षित कागदपत्र आहे. त्यावरून ड्यू पॉन्ट आणि ग्लिडन या कंपन्या न्यायालयातही भिडल्या. ड्यू पॉन्टची गुंतवणूक असलेल्या जनरल मोटर्सने १९२३मध्ये ओकलंड गाडी या रंगात, निळ्या छटेत बाजारात आणली. रंगाचं नाव ड्यूको. आपल्याकडे पेंटर आजही कुठलाही फवारलेला रंग याच नावाने ओळखतात.

म्हणून गाडी ड्यूकोच्या काळातली असेल आणि प्रदर्शनापुरतीच बाहेर निघणार असेल, तर एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंगच द्यावा. त्याची खोल, मऊ चमक आधुनिक टू-के (दोन घटकांच्या) पॉलियुरेथेनला साधत नाही. पण एनसी काळाने चिरतो, पिवळा पडतो, पॉलिश मागत राहतो. रोज उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला टू-केच द्यावा. त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतं, त्यामुळे नळीने ताजी हवा पुरवणारा मुखवटा हवाच. तोंडाला बांधलेला रुमाल कामाचा नाही.

आता प्रायमर. लाल ऑक्साइड स्वस्त आहे, हाताशी आहे आणि खिडकीच्या गजांना ठीक आहे. पण त्यावर एनसी किंवा टू-के मारला की थिनर त्याला उचलतो आणि सुरकुत्या पडतात. उघड्या पत्र्यावर टू-के इपॉक्सी प्रायमरच लावावा. तोही पत्रा घासला त्याच दिवशी. लांबी त्याच्यावर भरावी, पत्र्यावर थेट नाही. त्यानंतर, रंगाआधी मारला जाणारा सरफेसर सच्छिद्र असतो. गाडी महिनाभर नुसत्या सरफेसरवर ठेवली तर ओल पत्र्यापर्यंत पोचते.

वऱ्हाडात याला आणखी एक पेच आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरला आहे. तिथल्या बोअरच्या पाण्याने पॉलिश पेपर मारला तर वाळल्यावर क्षार मागे राहतात. रंगाच्या पापुद्र्यातून ते ओल खेचून घेतात, पुढच्या पावसाळ्यात बारीक फुगे येतात आणि मग पोपडे सुटतात. दोष रंगाच्या डब्याला दिला जातो. तो असतो बादलीतल्या पाण्याचा. शेवटची पुसणी तरी आरओच्या किंवा बॅटरीच्या पाण्याने करावी.

हवामानही बघावं. मेमध्ये पारा ४५ अंशांवर गेला की फवारा पत्र्यावर पोचेपर्यंतच सुकतो आणि थर खरबरीत बसतो. पावसाळ्यात एनसीवर पांढुरकी साय धरते, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड होऊन त्यावर दव जमतं. आपल्याकडे रंगाचा हंगाम दिवाळी ते होळी.

२०२१च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी दिली. मूळपणाला किंमत आलेली आहे, तेव्हा डॅशबोर्डच्या आत किंवा डिकीच्या कोपऱ्यात मूळ रंगाचा तुकडा शाबूत असेल तर तो घासू नका. छटा त्यावरून जुळवा. आणि मूळ रंग बऱ्यापैकी टिकून असेल तर नवा देऊच नका. पॉलिश करा आणि थांबा. पैसे वाचवायचेच असतील तर वरच्या रंगात वाचवा, प्रायमरमध्ये नको.