खालचे घर, वरचे गटार

कोल्हापूरहून पुण्याकडे जाताना पंचगंगेचा पूल ओलांडला, की पुलाची शिरोली हे गाव लागते. तेथे मोठी औद्योगिक वसाहत आहे. तिला सगळे शिरोली एमआयडीसी म्हणतात. तेथील फौंड्र्यांमध्ये लोखंड वितळवून वाळूच्या साच्यांत ओततात. त्यातून यंत्रांचे सुटे भाग तयार होतात. पंपाचे शंखासारखे गोल कवचही असेच ओतून करतात.

पंप म्हटले, की तुम्हांला शेतातली विहीर आठवेल. पण काही घरांत सांडपाणी बाहेर काढण्यासाठीही पंप लागतो. तो कसा निवडावा, ते आपण पाहू.

पाणी नेहमी उताराकडे वाहते. म्हणून गटाराचे पाईप उतार देऊन घालतात. पण घर सखल जागी असेल किंवा तळघरात संडास असेल, तर घराचा पाईप खाली आणि रस्त्याचे गटार वर, असे होते. अशा वेळी मैलापाणी जमिनीखालच्या बंद टाकीत साठवतात आणि पंपाने वर चढवतात. शहरांनाही हेच करावे लागते. कोल्हापुरात जयंती नाल्याचे सांडपाणी पंपांनी उपसून कसबा बावड्याच्या शुद्धीकरण केंद्राकडे पाठवतात.

आधी एक गोष्ट लक्षात ठेवा. वरच्या मजल्यांचे पाणी उताराने गटारात जात असेल, तर ते या टाकीत आणू नये. म्हणजे वीज गेली तरी त्या मजल्यांचे काम अडत नाही.

आता पंपाकडे वळू. पंपाच्या आत पात्यांचे एक चाक फिरते. त्याला इंपेलर म्हणतात. स्वच्छ पाण्याच्या पंपात पात्यांमधली जागा अरुंद असते. तेथे मैला आणि कागद अडकतो व पंप बंद पडतो. मैलापाण्याच्या पंपात ही वाट रुंद ठेवतात. सुमारे ५० मिलिमीटर जाडीचा घन पदार्थ त्यातून जाऊ शकेल, असा पंप घरासाठी बरा. पाईप अरुंद असेल, तर मैला बारीक कापणारा पंप मिळतो. मात्र कोणत्याही पंपाच्या टाकीत चिंध्या आणि प्लॅस्टिक टाकू नये.

मग उंची मोजावी. समजा, टाकीतल्या पाण्यापासून गटारापर्यंत उभी उंची ३ मीटर आहे. पाईपातील घर्षणासाठी आणखी १ मीटर धरू. एकूण ४ मीटर झाले. पंपावरच्या पट्टीवर कमाल उंची लिहिलेली असते. त्या उंचीवर पंपातून पाणी बाहेर पडतच नाही! म्हणून कमाल उंची ४ मीटर असलेला पंप येथे उपयोगाचा नाही. '४ मीटर उंचीवर हा पंप मिनिटाला किती लीटर पाणी फेकतो?' असे दुकानदाराला विचारावे.

पाणी तरी किती असते? माणशी रोज १३५ लीटर धरले, तर ५ माणसांचे ६७५ लीटर होते. मिनिटाला १५० लीटर पाणी फेकणारा पंप ते साडेचार मिनिटांत उपसतो. फार मोठा पंप सारखा चालू-बंद होतो आणि लवकर बिघडतो. फार लहान पंप पाण्याला वेग देत नाही. मग मैला पाईपातच साचतो.

पंपाच्या पाईपावर एकाच बाजूला उघडणारी झडप हवीच. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेला महापूर आला. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक बंद पडली. अशा वेळी गटारे तुंबतात आणि घाण पाणी उलटे घरात शिरू शकते. झडप त्याला अडवते. पाणी वाढल्यावर पंप आपोआप सुरू करणारा तरंगता स्विच, धोक्याची घंटा आणि चांगले अर्थिंगही आवश्यक आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. मैलापाणी कुजले, की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. तो थोडा असेल, तर कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला, तर नाकाला वासच कळेनासा होतो. अशा टाक्यांत उतरून आपल्या देशात अनेक सफाई कामगारांचे प्राण गेले आहेत. संरक्षक साधनांशिवाय माणसाला अशा टाकीत उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली आहे. वायू बाहेर जाण्यासाठी टाकीला छपरापर्यंत उंच नळी लावावी. टाकीचे झाकण मुलांनी कधीही उघडू नये. कोणी आत पडले, तर त्याच्यामागे उडी मारू नये. मोठ्यांना हाका मारून अग्निशमन दलाला बोलवावे.

म्हणून घरात असा पंप घ्यायचा ठरला, तर मोठ्यांना एक प्रश्न विचारायला सांगा : 'हा पंप बिघडला, तर साखळीने वर ओढून काढता येईल का?' उत्तर 'हो' असेल, तरच तो पंप घ्यावा. पंप पुन्हा विकत मिळतो. माणूस मिळत नाही.