तारीख नसलेली वाट

नाशिकच्या द्वारका सर्कलला उभं राहिलं की रिक्षावाल्यांची हाक कानावर पडतेच, "नाशिकरोड, नाशिकरोड!" त्याच बाजूला, जेलरोडला, मध्यवर्ती कारागृह आहे. आणीबाणीत तिथे 'मिसा' कायद्याखाली धरलेली माणसं होती. मुलाखतीसाठी घरची माणसं गावोगावहून यायची.

आपल्याकडे लष्करी राजवट कधी आली नाही. आणीबाणी निवडून आलेल्या सरकारनेच लादली. पण हुकूमशहांच्या कैद्यांच्या घरी जे घडतं, त्यातलं एक इथेही घडलं: सुटकेची तारीख नव्हती. चोराच्या बायकोलाही नवरा कधी सुटणार ते ठाऊक असतं. मिसाबंदीला ना खटला, ना मुदत. अटकेचं कारण सांगायचंही सरकारवर बंधन नव्हतं. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने दाद मागायची वाटही बंद केली.

माझ्या ओळखीच्या एका आजींच्या यजमानांना असंच मध्यरात्री नेलं होतं. ते सुटून आले, पुढे सगळा संसार झाला. तरी रात्री दारावर थाप पडली की आजी आधी घड्याळाकडे बघतात, मग दाराकडे. थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. त्यांची धाकटी मुलगी १९७८ ची, म्हणजे सगळं संपल्यावर जन्मलेली. तीही आधी घड्याळाकडेच बघते. आईची नजर बघत बघत ती हे शिकली असणार.

जीव टांगणीला लागला असं आपण म्हणतो ना, ते चक्क मोजता येतं. २०१६ साली लंडनच्या संशोधकांनी ४५ जणांना एक खेळ दिला. दगडाखाली साप निघाला तर हाताला विजेचा झटका. झटका नक्की बसणार हे माहीत असताना ताण कमी होता. बसेल की नाही, निम्मी-निम्मी शक्यता, तेव्हा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या सर्वांत जास्त ताण दाखवत होत्या!

अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ च्या लष्करी राजवटीत ही टांगणी कायमची झाली. हजारो माणसं नाहीशी झाली, बहुतेकांची प्रेतंही मिळाली नाहीत. कैदेत जन्मलेली बाळं परक्यांच्या घरी वाढली. त्यांच्या आज्यांनी शास्त्रज्ञांना विचारलं: आईबापच उरले नाहीत, तर आमच्या रक्तावरून नातवंड ओळखता येईल का? जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी ते शक्य करून दाखवलं. पेशीतला मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. म्हणजे आईच्या आईचा आणि नातवंडाचा तो सारखाच. मधली पिढी पुसली तरी धागा तुटत नाही. आजवर १३० हून अधिक नातवंडं सापडली आहेत.

१९८७ मध्ये तिथे यासाठी सरकारी जनुक-पेढी निघाली. कित्येक आज्या आता गेल्या. त्यांच्या रक्ताचे नमुने मात्र तिथे जपून ठेवले आहेत, आणि कुणी पन्नाशीला टेकलेला माणूस स्वतःबद्दल शंका घेऊन आला की ते पुन्हा ताडून बघितले जातात.