दोन चौकटींमधली फट

नागपूर-अमरावती महामार्गावर, आर्वीचा फाटा फुटतो तिथलं आमचं तळेगाव (श्यामजी पंत). लहानपणी इथे एस.टी.ची वाट पाहताना हातात हमखास ‘इंद्रजाल कॉमिक्स’ असायचं. एका चौकटीत वेताळ घोड्यावर टांग मारायचा आणि पुढच्या चौकटीत थेट बंदरावर उतरायचा. मधला प्रवास कोणी काढलेलाच नसे, तो आम्ही करायचो. दोन चौकटींमधल्या त्या पांढऱ्या फटीतच कॉमिक्स घडतं, हे स्कॉट मॅक्लाउड या चित्रकाराने 1993 साली पुस्तक लिहून सांगितलं. तेही कॉमिक्सच्याच रूपात!

व्हिडिओ गेमचा स्वभाव नेमका उलटा. तिथे सहसा मधलं काही गाळता येत नाही. घोडा दिला की बंदरापर्यंत तो तुम्हीच दामटवायचा, दर खड्ड्यावर बटण दाबायचं. म्हणून या दोघांचं लग्न लावणं वाटतं तितकं सोपं नाही.

ते सगळ्यात धिटाईने लावलं ‘सेगा’ कंपनीच्या ‘कॉमिक्स झोन’ने, 1995 साली. स्केच टर्नर नावाचा चित्रकार स्वतःच्याच कॉमिक्समध्ये ओढला जातो आणि त्यातला खलनायक मॉर्टस बाहेर येऊन बसतो. पडद्यावर कॉमिक्सचं पान असतं. एका चौकटीतले शत्रू संपले की स्केच मधली फट ओलांडून पुढच्या चौकटीत उडी घेतो. काही ठिकाणी उजवीकडे जायचं की खाली, हे आपण ठरवायचं. मध्येच मॉर्टसचा भलामोठा हात पानावर येतो आणि आपल्यासमोर नवा शत्रू रेखाटून जातो. खरी गंमत पुढे आहे. स्केच मागच्या चित्राचाच कागद फाडून त्याचं विमान करून शत्रूवर सोडू शकतो. पण कागद फाडला की त्याचीही ताकद घटते, कारण तोही त्याच कागदाचा. आधी वाचलेली गोष्ट अशी अंगठ्याला कळते. खेळ मात्र भलताच अवघड होता. पुष्कळांना शेवटचं पान दिसलंच नसेल.

‘मॅक्स पेन’ने (2001) सोपा मार्ग धरला. गोळीबार संपला की स्थिर चौकटी आणि संवादाचे फुगे. तो बनवणाऱ्या फिनलंडच्या कंपनीने नायकाला चेहरा दिला तोही आपल्याच लेखकाचा, सॅम लेकचा. परिणाम झकास झाला, पण गोष्ट एका खोलीत आणि खेळ दुसरीत. माझ्या मते आपल्या पुण्यात घडलेल्या ‘राजी’चंही थोडं तसंच झालं. नॉडिंग हेड्स गेम्सचा हा खेळ 2020 साली आला. त्याआधी लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा प्रयत्न फसला होता, तरी मंडळींनी खेळ तडीस नेला. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधत निघालेली राजी भिंतीवरच्या चित्रांसमोर थांबते आणि पुराणकथा ऐकते. तिची स्वतःची गोष्ट छायाबाहुल्यांमधून उलगडते. दिसायला अप्रतिम. पण बाहुल्या बोलतात तेव्हा आपल्या हातांना काम नसतं.

छायाबाहुल्या म्हटलं की कुडाळजवळचं पिंगुळी आठवतं. तिथल्या ठाकर कलावंतांकडे चामड्याच्या बाहुल्या आहेत, कळसूत्री आहेत आणि चित्रकथीही. (परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली ती याच परंपरेसाठी.) चित्रकथीची पोथी म्हणजे सुटी चित्रं. निवेदक एकेक पान पुढे धरतो आणि गात-सांगत कथा चालवतो. एखाद्या चित्रावर किती रेंगाळायचं हे त्याच्या हातात. कॉमिक्सच्या छापील पानात ते वाचकाकडे आलं, आणि गेमवाल्यांना नेमकं तेच खेळणाऱ्याकडे द्यायचं असतं.

ते साधलं मेलबर्नच्या ‘फ्रेम्ड’ला, 2014 साली. बॅग घेऊन पळणारा माणूस, मागे पोलीस. तुम्ही त्याला पळवत नाही, फक्त चौकटींची जागा बदलता. जिना आधी आला तर तो सापडतो. दार आधी आलं तर पोलिसाच्या मागून निसटतो. तीन वर्षांनी जेसन रॉबर्ट्सने ‘गोरोगोआ’त स्वतः हाताने काढलेल्या चारच चौकटींत अख्खं कोडं मांडलं.

याला संगणक लागतोच असं नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ओसरीवर गल्लीतली पोरं जमली होती. एका जुन्या पाठकोऱ्या वहीवर आम्ही सहा चौकटी काढल्या : रात्री संत्र्याच्या बागेत ओलिताला निघालेला माणूस, झुडपात चमकणारे दोन डोळे, त्याची पळापळ, बिनकठड्याची विहीर, पेटलेली बॅटरी आणि शेवटी धुऱ्यावर उभी बकरी. कात्रीने कापून चिठ्ठ्या पसरल्या. पहिल्या मांडणीत माणूस धपकन विहिरीत आणि बॅटरीच्या उजेडात सापडतं काय, तर बकरी. पोरं खो-खो हसली. मग चौथीतल्या एका पोराने बॅटरीची चिठ्ठी उचलून डोळ्यांच्याही आधी सरकवली.

“काका, बॅटरी पयले ठेवली तं तो पडतच नाई.”

“मंग गोष्टच नाई राह्यली ना बे!” त्याची बहीण म्हणाली आणि तिने बॅटरी उचलून पळापळ आणि विहीर यांच्या मधोमध ठेवली.